पेशीला पाय टेकायला जागा

दोडक्याच्या वेलाला मांडव मिळाला नाही तर त्याचे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बी चांगले, खत चांगले, पाणी वेळेवर, आणि तरी वेल जमिनीवर लोळून कुजतो. शेजारी एक काठी रोवा, की तोच वेल वळसे घेत वर निघतो. आज जी हकीकत सांगायची आहे तीही याच जातीची आहे. वेलाच्या जागी माणसाच्या शरीरातली पेशी घ्या, आणि मांडवाच्या जागी प्रयोगशाळेतली एक उथळ बशी. पेशीला खाऊपिऊ घातले, ऊब दिली, तरी तेवढ्याने भागत नाही. तिला पाय टेकायला जागा लागते. ही जागा कशी असावी हे उमगायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांत कोळ्याचे जाळे आले, उंदराचे शेपूट आले, उंदराला झालेली गाठ आली, आणि अगदी अलीकडे रेशमाचा किडाही आला!

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या रक्तातल्या पेशी वाहत असतात, त्यांची गोष्ट निराळी. पण कातडीच्या, यकृताच्या, स्नायूच्या पेशी मोकळ्या तरंगत नाहीत. त्यांच्याभोवती आणि त्यांच्याखाली प्रथिनांच्या धाग्यांची एक जाळी असते, आणि त्या जाळीला धरून त्या बसलेल्या असतात. ही जाळी पेशीच स्वतः विणतात. शरीराबाहेर काढलेल्या पेशीला ही जाळी नसते. ती उघड्यावर पडलेली असते म्हणा ना.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा पहिला नावाजलेला प्रयोग १९०७ सालचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन नावाचे प्राध्यापक होते. त्या काळी एक वाद चालला होता. मज्जातंतू, म्हणजे मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून निघणारे ते लांब धागे, एका पेशीतून फुटून वाढतात, की पुष्कळ पेशी एकमेकींना जोडून तयार होतात? हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला मज्जेचा बारीकसा तुकडा काढला, तो बेडकाच्याच लसीकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेवर उलटा टांगला. लसीका म्हणजे रक्तासारखाच, पण बिनरंगी द्रव. थोड्या वेळाने तो थेंब थिजला, आणि त्या थिजलेल्या थेंबात पेशीतून धागा फुटून पुढे सरकताना हॅरिसन यांनी डोळ्यांनी पाहिला. वाद मिटला.

आता तुम्ही म्हणाल, यात आपल्या विषयाचे काय? आपला विषय त्या ‘थिजला’ या शब्दात आहे. थेंब पातळ राहिला असता तर धागा फुटलाच नसता. हॅरिसन यांच्या हे ध्यानात आले आणि ते गप्प बसले नाहीत. पुढे येल विद्यापीठात गेल्यावर त्यांनी नुसत्या पातळ द्रवात कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून बसवले आणि त्यात गर्भाच्या पेशी सोडल्या. ज्या पेशींना धागा सापडला त्या लांब होऊन त्या धाग्याच्या वाटेने चालू लागल्या, आणि ज्यांना सापडला नाही त्या गोल गोळ्यासारख्या पडून राहिल्या. हा निबंध १९१४ साली छापून आला. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग विज्ञानात क्वचितच सापडेल. शिक्षक मंडळींनी तो मुलांना जरूर सांगावा. त्यासाठी कसलेही उपकरण लागत नाही, फळ्यावर दोन रेघा मारल्या की पुरे.

हॅरिसन यांची कीर्ती मात्र दुसऱ्यानेच नेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले अलेक्सिस कॅरेल हे मोठे कसबी शल्यवैद्य. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच साली त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा थिजवलेल्या रक्तद्रवात वाढवायला घेतला. ते संवर्धन चौतीस वर्षे चालवले गेले. कॅरेल १९४४ साली वारले, त्यानंतरही ते चालूच होते! वर्तमानपत्रांनी ‘अमर हृदय’ म्हणून त्याचा एवढा गाजावाजा केला की विचारू नका. पुढे १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले, की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा दुभंगल्या की थांबतात. तेव्हापासून त्या अमर हृदयावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५६ साली बाल्टिमोरचेच रॉबर्ट एरमन आणि जॉर्ज गाय यांनी उंदराच्या शेपटातल्या चिवट दोऱ्यांमधून कोलॅजन हे प्रथिन विरघळवून काढले आणि त्याचा पारदर्शक थर बशीला दिला. घरात जमीन सारवतात ना, तसे हे बशीचे सारवण. पुढे काचेच्या जागी प्लॅस्टिक आले. पण साधे प्लॅस्टिक पेशींना मानवत नाही. एक प्रयोग करून पाहा: प्लॅस्टिकच्या झाकणावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल उभा राहील. स्वच्छ काचेवर टाका, तो पसरेल. ज्या पृष्ठावर पाणी पसरत नाही तिथे पेशीही सहसा नीट पसरत नाही. म्हणून पेशींसाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या बशीवर कारखान्यातच विद्युत्प्रक्रिया करून तिचा पृष्ठभाग पाणी धरणारा करतात. अशा बशीत वासराचे रक्तजल घातले की त्यातली काही प्रथिने आपोआप तळाला जाऊन चिकटतात आणि पेशी त्यांच्यावर बसते. आपल्याकडे पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. त्यांतल्या कितीतरी पेशी अशाच बशांमध्ये वाढतात.

पण पेशी नेमकी कशाला धरते? हे कोडे १९७० नंतर सुटत गेले. रिचर्ड हाइन्स लंडनला आणि एर्की रुओस्लाहती हेलसिंकीला काम करत होते. दोघांच्या हाताला वेगवेगळ्या वाटांनी एकच प्रथिन लागले, आणि पुढे त्याला फायब्रोनेक्टिन असे नाव पडले. हे प्रथिन म्हणजे दोन हजारांहून अधिक मण्यांची माळ. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. १९८४ साली रुओस्लाहती आणि मायकेल पियर्शबाकर यांनी कॅलिफोर्नियात शोधून काढले, की एवढ्या लांब माळेतले फक्त तीन-चार मणी पेशीच्या पकडीचे आहेत. आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, हे तीन या क्रमाने आले की पेशी तिथे हात घालते. पेशीच्या अंगावरचे हे जे हात, त्यांना १९८६ साली इंटेग्रिन हे नाव मिळाले. हाइन्स, रुओस्लाहती आणि टिमथी स्प्रिंगर या तिघांना या कामाबद्दल २०२२ साली लास्कर पारितोषिक देण्यात आले.

आणि हात नुसते धरण्यासाठी नसतात बरं का. अंधारात आपण भिंत चाचपतो तेव्हा हात आधारही देतो आणि बातमीही आणतो. इंटेग्रिनचे तसेच आहे. बाहेर पकड बसली की आत निरोप जातो: ‘जागा मिळाली, आता वाढायला हरकत नाही.’ निरोप गेलाच नाही तर पुष्कळशा पेशी स्वतःहून मरतात. १९९४ साली या मरणाला एक ग्रीक नाव देण्यात आले, अनॉइकिस. त्याचा अर्थ होतो बेघर होणे. शास्त्रज्ञांनी ठेवलेली नावे बहुधा रुक्ष असतात. हे त्यांतले नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या अगदी कोवळ्या गर्भातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. मूलपेशी म्हणजे जिचे अजून काहीच ठरलेले नाही अशी पेशी. ती मेंदूची होईल, हृदयाची होईल, डोळ्याची होईल. पुढे जपानात क्योतो येथे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतली पेशी उलटी फिरवून तिची मूलपेशी करून दाखवली. त्यामुळे गर्भाला हात लावण्याची गरज उरली नाही. यामानाकांना २०१२ साली जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. निकामी झालेल्या अवयवात नव्या पेशी बसवण्याची आशा इथून सुरू होते.

पण या मूलपेशी फार नाजूक. त्यांना एकेकटे केले की मरतात. जागा पसंत नसली की भलतेच रूप घेऊ लागतात, आणि मग त्या मूलपेशी राहत नाहीत. थॉमसन यांनी त्यांच्याखाली काय अंथरले होते? उंदराच्या गर्भाच्या जिवंत पेशींचा थर! या उंदीर-पेशींची वाढ आधी किरणांनी किंवा औषधाने थांबवायची आणि त्यांच्या अंगावर मूलपेशी वाढवायच्या. यांना आपण दाई-पेशी म्हणू. दाई पोसते, पण स्वतः वाढत नाही.

२००१ साली दाईची जागा घेणारी एक वस्तू आली, मॅट्रिजेल. हिची जन्मकथा चमत्कारिक आहे. उंदरांत एक विशिष्ट जातीची गाठ होते. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते संशोधक म्हणजे एंगेलब्रेथ-होल्म आणि स्वार्म. ही गाठ पेशींखालची जाळी भरमसाट विणत सुटते. १९७९ साली रुपर्ट टिम्पल, जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठीतून लॅमिनिन हे मोठे प्रथिन वेगळे केले. पुढे अमेरिकेतच हिंडा क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीचा सबंध अर्कच वापरायला घेतला. तूप थंडीत थिजते, हा अर्क उलटा: बर्फात पातळ, आणि उबेत आणला की थिजतो. बशीला त्याचा लेप दिला की मूलपेशी दाईवाचून त्यावर बसतात. जगभर त्याचा प्रसार झाला, आणि आजही तो पुष्कळ प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याचा उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही विचार करा. ज्या पेशी उद्या एखाद्या आजारी माणसाच्या डोळ्यात किंवा मेंदूत ठेवायच्या, त्या उंदराच्या गाठीच्या अर्कावर वाढवायच्या? त्या अर्कात आहे तरी काय, हे २०१० साली मोजले तेव्हा अठराशेहून अधिक निरनिराळी प्रथिने निघाली. शिवाय एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा नाही. आपल्या घरी विरजण रोज सारखे लागत नाही, ते आपण चालवून घेतो. औषधात ते चालत नाही. त्यातून या गाठीत उंदरांचा एक विषाणूही आढळलेला आहे.

दाई-पेशींची भीतीही नुसती कल्पनेतली नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले अजित वर्की हे कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथे पेशींच्या अंगावरच्या शर्करांचा अभ्यास करतात. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर एक शर्करा असते, माणसाचे शरीर मात्र ती बनवत नाही. २००५ साली वर्की, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्राण्यांच्या सामग्रीवर वाढवलेल्या माणसाच्या मूलपेशींनी ही परकी शर्करा उचलून आपल्या अंगावर मिरवायला सुरुवात केली आहे! आणि माणसाच्या रक्तात या शर्करेविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात. म्हणजे अशी पेशी शरीरात घातली तर शरीर तिला चोर समजून झोडपण्याचा धोका होता.

मग उपाय काय? जाळीतले नेमके हवे ते प्रथिन निवडायचे आणि तेवढेच शुद्ध बनवायचे. बनवायचे कसे, त्याची युक्ती तोपर्यंत जुनी झाली होती. प्रत्येक प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते. १९७३ साली स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एकाचे जनुक कापून दुसऱ्यात सांधण्याची रीत बसवली. माणसाचे जनुक जिवाणूत सांधले, की तो बिचारा जिवाणू आपल्या कामाबरोबर माणसाचे प्रथिनही बनवू लागतो. मधुमेहाचे इन्शुलिन असेच बनते, ते १९८२ साली बाजारात आले. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे: कृती माणसाची, चूल दुसऱ्याची.

पहिली निवड झाली ती व्हिट्रोनेक्टिनची. हे रक्तातले प्रथिन काचेला चिकटते, म्हणून त्याचे नाव काचेच्या लॅटिन शब्दावरून पडले. वासराच्या रक्तजलातले जे प्रथिन बशीच्या तळाला बसून पेशींना धरत होते, त्यात मोठा वाटा याचाच. २००८ साली पुनर्संयोजित व्हिट्रोनेक्टिनवर माणसाच्या मूलपेशी टिकतात असे सिद्ध झाले, आणि २०११ साली थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने त्याची काटछाट केलेली, जिवाणूकडून सहज बनवून घेता येणारी आवृत्ती पुढे आणली.

लॅमिनिनचे प्रकरण अधिक अवघड होते. त्याचा आकार खाली लांब दांडा असलेल्या क्रुसासारखा, आणि तो तीन माळा एकत्र पिळून झालेला. माळांचे प्रकार अनेक, म्हणून लॅमिनिनेही अनेक. त्यांना क्रमांक देतात. उंदराच्या गाठीतले १११ क्रमांकाचे. माणसाच्या मूलपेशी स्वतःसाठी जे विणतात ते मात्र ५११ आणि ५२१. पाहुण्याला त्याच्या घरचेच अंथरूण द्यावे तसे झाले. पण एवढे अवाढव्य प्रथिन, तीन माळा नीट पिळून, जिवाणूला करता येत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने ते माणसाच्याच संवर्धित पेशींकडून बनवून घेतले, आणि २०१० साली लॅमिनिन ५११ वर मूलपेशी उत्तम वाढतात असे दाखवले. २०१४ साली त्यांनी ५२१ ही आणले.

ओसाका विद्यापीठातले कियोतोशी सेकिगुची यांनी निराळा विचार केला. सबंध क्रूस कशाला हवा? पेशी धरते ती फक्त खालच्या टोकाला. इलॅस्टेज नावाच्या पाचक रसाने लॅमिनिनचे तुकडे केले असता हे टोक आठव्या क्रमांकाचा तुकडा म्हणून पूर्वीच वेगळे झाले होते. त्याला ई-८ म्हणतात. आकाराने ते सबंध प्रथिनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे, पण पकड तशीच घट्ट. विळ्याचे पाते तेवढे घ्यावे आणि बाकीचे लोखंड ठेवून द्यावे, असा हा हिशेब. या तुकड्यावर मूलपेशी एकेकट्या सोडल्या तरी तग धरतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१४ साली क्योतोच्या संस्थेने तो वापरून दाई-पेशी आणि प्राण्यांची सामग्री दोन्ही वगळणारी पद्धत बसवली.

यातून आजाऱ्याला काय मिळाले, असा प्रश्न रास्त आहे. २०१८ साली क्योतोत कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून केलेल्या पेशी बसवायला सुरुवात झाली. एकंदर सात रुग्ण. २०२५ साली निष्कर्ष छापून आले. उपचारामुळे गंभीर अपाय झाला नाही, आणि ज्यांची तपासणी केली त्यांच्यातल्या काहींच्या हालचालींत सुधारणा दिसली. ओसाकात कोजी निशिदा यांनी २०१९ पासून चार रुग्णांच्या डोळ्यांच्या बुबुळावर अशाच पेशींचा पडदा बसवला. चौघांचीही दृष्टी सुधारल्याचे २०२४ साली जाहीर झाले, जरी एकाची सुधारणा टिकली नाही. रुग्णांचा आकडा लहान आहे आणि हे उपचार गावच्या दवाखान्यात यायला अवकाश आहे. मात्र या दोन्ही कामांत पेशींच्या पायाखाली तो लॅमिनिनचा तुकडाच होता.

बशी सारवण्याचे काम पाहाल तर अगदी साधे. प्रथिनाचे पातळ द्रावण बशीत ओतायचे, अंगाच्या उबेइतक्या उबेत तासभर ठेवायचे, उरलेला द्रव काढून लगेच पेशी सोडायच्या. मध्ये बशी सुकू द्यायची नाही, सुकली की प्रथिन बिघडते आणि सगळे वाया जाते. एका चौरस सेंटिमीटरला एका ग्रॅमचा वीस लाखावा हिस्सा पुरतो. हिशेब करून पाहा: एका ग्रॅममध्ये २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे सारवून होतील. पण तो एक ग्रॅम बनवणेच महाग पडते, कारण माणसाच्या पेशींना पोसून त्यांच्याकडून प्रथिन घ्यायचे म्हणजे खर्चाचे काम.

म्हणूनच जपान्यांनी रेशमाच्या किड्याला कामाला लावले. जालना-बीडकडच्या तुती लावणाऱ्या मंडळींना कोश म्हणजे काय ते सांगायला नको. त्या किड्याच्या वंशात माणसाच्या लॅमिनिनचे जनुक घालतात, तो नेहमीसारखा कोश विणतो आणि त्या कोशातच हा तुकडा उतरतो. तो कोशातून काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. त्या मालाच्या नावात रेशीम हा शब्दही ठेवलेला आहे.